चारात एक म्हणजे कितवा?

भोपाळमध्ये माझं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, तिथल्या दवाखान्यात, भाजीबाजारात, सगळीकडे मी ‘खूनवाली मैडम’ होते. हिंदीत खून म्हणजे रक्त, त्यामुळे इथल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. माझ्या सासूबाई साताऱ्याच्या. त्या पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा दार वाजलं, त्यांनी उघडलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, “खूनवाली मैडम यहीं रहती हैं?” सासूबाईंनी दार लावून घेतलं. संध्याकाळी मी घरी आल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि हळू आवाजात विचारलं, की लग्नाआधी माझ्या हातून काही घडलं होतं का, असेल तर आत्ताच सांग. मी हसत सुटले, पण त्या जाईपर्यंत माझ्या हातचा चहा जरा बेतानंच घेत होत्या.

मी टाउनशिपच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट लिहायचा. आता निवृत्त होऊन साकेत नगरात राहते. शेजारी एवढं मोठं इस्पितळ उभं आहे, तरी अजून कुणी ना कुणी जुन्या ओळखीनं रिपोर्टचा कागद घेऊन येतं आणि विचारतं, “मैडम, ज़रा देख लो.” मी बघते. पूर्वी उत्साहानं बघायचे, आता चष्मा शोधण्यापासूनच कंटाळा येतो. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहा, असा निरोप आला तेव्हाही असाच कंटाळा आला होता. गमती होत्या, नाही असं नाही. पण लिहायला बसले आणि आठवत राहिली ती एकच गोष्ट, जी मी नोकरीभर लोकांना सांगत राहिले आणि जी फारशी कुणी ऐकली नाही.

ती गोष्ट सिकलसेलची. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हात, पाय, पाठ, छाती, जिथे अडकतील तिथे अशा कळा येतात की मोठी माणसं लहान पोरांसारखी रडतात. थंडी पडली, ताप आला, पाणी कमी प्यायलं, काहीही निमित्त पुरतं. विदर्भातून आणि मध्य प्रदेशातल्या बऱ्याच भागांतून आलेल्या कुटुंबांत हा आजार सापडतो, आणि आमच्या टाउनशिपमध्ये ती कुटुंबं भरपूर होती.

आजार आईबापांकडून येतो. प्रत्येक माणसाला त्याच्या रक्ताच्या घडणीच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. दोन्ही बिघडलेल्या असल्या तर आजार. एकच बिघडलेली असली तर माणूस ठणठणीत असतो, फक्त ती बिघडलेली प्रत तो पुढे मुलांना देऊ शकतो. अशा माणसाला वाहक म्हणतात. यवतमाळकडचे एक फिटर हा शब्द रिपोर्टावर वाचून माझ्याशी भांडायला आले होते. मी इथे परमनंट आहे, मला एसटीचा कंडक्टर कुणी केलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना खुर्चीत बसवून, पाणी देऊन समजावेपर्यंत माझी जेवणाची सुट्टी संपली.

नवराबायको दोघंही वाहक असले तर मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. इथपर्यंत सगळ्यांना समजायचं, मान डोलवायचे. इथून पुढे माझं खरं काम सुरू व्हायचं. माझी निम्मी नोकरी सुई टोचण्यात गेली आणि निम्मी ‘चारात एक’ म्हणजे काय ते सांगण्यात. सुईनं मला कमी दमवलं.

त्याचं कारण टाउनशिपमध्ये होतं, असं मला फार उशिरा लक्षात आलं. आमच्याकडे सगळं नंबरानं मिळायचं. क्वार्टर नंबरानं, गॅस नंबरानं, टेलिफोन नंबरानं, पोरांचा शाळाप्रवेश नंबरानं. नवं लग्न झालेलं जोडपं पहिल्यांदा भेटलं की आपण विचारतो, घर कुठे, माहेर कुठे. आमच्याकडे विचारायचे, नंबर कितवा आहे? यादीतल्या वरच्या माणसाला क्वार्टर मिळालं की तो यादीतून जातो आणि मागचे सगळे एकेक घर वर सरकतात. म्हणजे एकाचं काम झालं की दुसऱ्याची शक्यता बदलते. गणितात याला परावलंबी घटना म्हणतात. गणपतीत मंडळात आम्ही तंबोला खेळायचो, तोही तसाच. निघालेला आकडा थैलीत परत जात नाही, म्हणून उरलेल्यांचा निघायचा संभव वाढत जातो.

सापशिडीचा फासा तसा नाही. मागच्या खेपेला सहा पडला म्हणून या खेपेला सहा पडायचा राहत नाही, आणि दहा वेळा पडला नाही म्हणून आता पडायलाच हवा असंही नाही. प्रत्येक खेप नवी. याला स्वतंत्र घटना म्हणतात. मुलं फाशाच्या जातीची असतात, तंबोल्याच्या नाही. एवढंच सांगायचं होतं मला. पण ज्या माणसानं उभा जन्म यादीत आपला नंबर वर सरकताना पाहिला, त्याला कसं पटावं की एका ठिकाणी यादीच नाही?

म्हणून मी दोन डब्या केल्या होत्या. बांगड्यांच्या दुकानात मिळतात तशा लाकडी, झाकणाच्या. प्रत्येकीत एक लाल मणी आणि एक पांढरा. नवऱ्यानं न बघता आपल्या डबीतून एक मणी काढायचा, बायकोनं तिच्या डबीतून. दोन्ही लाल आले तर मूल आजारी. एक लाल, एक पांढरा आला तर वाहक. दोन्ही पांढरे आले तर काहीच नाही. मग मणी डबीत परत टाकायचे आणि दुसऱ्या मुलासाठी पुन्हा काढायचे. सगळा जीव त्या परत टाकण्यात होता. ‘परत टाका’ हे शब्द मी जितक्या वेळा बोलले तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल.

मनोहर आणि सुनीता माझ्याकडे आले ते त्यांची मीनू दीड-दोन वर्षांची असताना. मनोहर कारखान्यात टर्नर, वर्ध्याकडचा, बोलण्यात अर्धी वऱ्हाडी आणि अर्धी भोपाळी हिंदी. मीनूचे तळहात आणि पावलं सुजून टम्म झाली होती, कुणी हात लावला तरी किंचाळायची. रक्त तपासलं, सिकलसेल निघाला. मग दोघांचं तपासलं, दोघंही वाहक निघाले. डॉक्टरांनी आजार समजावला आणि नेहमीप्रमाणे चारात एक समजवायला त्यांना माझ्याकडे धाडलं.

मी डब्या काढल्या. पहिल्याच खेपेला दोघांच्या हातात लाल मणी आले. मी म्हटलं, ही झाली मीनू. आता मणी परत टाका. सुनीतानं टाकला. मनोहरनं मूठ मिटली, मणी शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

“हा तर मीनूमधी गेला ना मॅडम,” तो म्हणाला. “आता डबीत कुठून येईल?”

मी म्हटलं, मणी जात नाही मनोहरभाऊ, त्याची नक्कल जाते. डबी होती तशीच भरलेली राहते. त्यावर त्यानं मला स्टोअरचा नियम सांगितला. माल निघाला की स्टॉक कमी होतो, आणि माल निघूनही स्टॉक तेवढाच दिसला तर ऑडिट लागतं. मला हसू आलं. राग यायला हवा होता, पण त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. पोरीच्या दुखण्यातून माणूस काहीतरी शिल्लक शोधत होता. त्याचा हिशोब सरळ होता: चार मुलांत एक आजारी, ती मीनू झाली. आपला नंबर लागून गेला. आता पुढची निर्धास्त.

मी हरप्रकारे सांगून पाहिलं. पुढच्या मुलालाही शक्यता तेवढीच आहे, रेसभरही कमी नाही. दिवस गेले तर मुंबईला जाऊन पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, भोपाळमध्ये तेव्हा ती सोय नव्हती, पण चिठ्ठी मी देववते. सुनीता माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला जायचं होतं, हे मला दिसत होतं. पण त्या घरात बोलायचं काम मनोहरचं होतं. जाताना त्यानं मणी मात्र प्रामाणिकपणे परत दिला.

यथावकाश त्यांना मुलगा झाला. मुंबई राहिलीच. मनोहर पेढे घेऊन लॅबमध्ये आला आणि म्हणाला, “मॅडम, नंबर सिस्टम.” मी म्हटलं, अजून काही ठरत नाही, बाळाचं रक्त वर्षभरानं तपासू, तोवर खात्रीनं सांगता येत नाही. त्यानं मला दोन पेढे जास्त दिले, जणू माझीच समजूत काढायची होती. वर्षभरानं बबलूचं रक्त तपासलं. त्यात काही नव्हतं. वाहकसुद्धा नव्हता. मला मनापासून आनंद झाला, आणि त्याच मिनिटाला असं वाटलं की आपलं दुकान बंद झालं.

कारण आता बोलायला जागाच नव्हती. चुकीच्या रस्त्यानं निघालेला माणूस सुखरूप घरी पोचला, तर रस्ता चुकीचा होता हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? मनोहरचा हिशोब कँटीनमध्ये गेला, युनियनच्या कट्ट्यावर गेला, बायकांच्या हळदीकुंकवात गेला. लोक मला ऐकवायला लागले, “मैडम, टर्नर साब का तो सही निकला था.” त्याच हिशोबावर विसंबलेल्या एका जोडप्याला दोन्ही मुलं आजारी झाली. मला वाटलं, आता तरी लोकांचे डोळे उघडतील. लोक म्हणाले, बिचाऱ्यांचं नशीब फुटकं. म्हणजे मनोहरचं बरोबर आलं तो नियम, आणि यांचं चुकलं ते नशीब. त्या दिवशी मी घरी येऊन स्वयंपाक केला नाही, पांघरूण घेऊन पडून राहिले. ह्यांनी खिचडी टाकली.

उलटी चूकही बघितली मी, आणि ती शिकलेल्यांची. टी. टी. नगरातल्या सरकारी कचेरीत एक तरुण अधिकारी होता, आमच्या नात्यातल्या नात्यात ओळखीचा. त्याचं लग्न ठरलं होतं. तो स्वतः वाहक होता आणि ते त्याला माहीत होतं. मी म्हटलं, मुलीचं रक्त तपासून घे. तर त्यानं मला कागदावर गणित मांडून दाखवलं. इतक्या लोकांत इतके वाहक, म्हणजे कुठलीही एक मुलगी वाहक असण्याचा संभव केवढा लहान, त्यासाठी तिच्या घरच्यांना दुखवायचं कशाला. गणितात चूक नव्हती. मी विचारलं, मुलगी कोण? म्हणाला, सख्ख्या आत्याची. मी कपाळावर हात मारला. कुठलीही एक मुलगी असती तर त्याचं गणित बरोबर होतं. पण त्याच्या आणि तिच्या रक्ताचा उगम एकाच आजीआजोबांत होता. त्याच्यात जे बिघडलं होतं ते त्याच घरातून आलं असेल, तर तिच्यातही असण्याचा संभव कितीतरी वाढतो. इथे एकाचं दुसऱ्यावर अवलंबून होतं आणि हा त्यांना दोन अनोळखी माणसं समजून भागाकार करत होता. मुलीची तपासणी झाली, तीही वाहक निघाली. लग्न मोडलं. दोन्ही घरांनी मला पत्रिका पाठवणं बंद केलं, पुढे त्या दोघांची वेगवेगळी लग्नं झाली तरी.

तर असं हे काम. जिथे संबंध नाही तिथे लोक संबंध लावतात आणि जिथे आहे तिथे हात झटकतात. एखादी गोष्ट दुसरीमुळे झाली की आपली आपण झाली, हे ओळखणं एवढंच सगळं गणित आहे, आणि ते शाळेत जितकं सोपं असतं तितकं घरात नसतं. हे मला मीनूनं शिकवलं.

मीनू दवाखान्यातच वाढली म्हटलं तरी चालेल. डिसेंबर-जानेवारीत तळ्याकडून थंड वारा सुटला की तिची खाट ठरलेली. माझ्याशी तिची गट्टी होती. इतकी वर्षं टोचून टोचून तिच्या नसा दिसेनाशा झाल्या होत्या, आणि त्या शोधण्यात माझा हात बरा होता, म्हणून ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. सहा-सात वर्षांची असताना एकदा रक्त काढता काढता ती मला मोठ्या ऐटीत म्हणाली, की बबलूचा नंबर मी घेतला. मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाली, आईनं. आईनं तिला सांगितलं होतं, की एका भावंडाला हे दुखणं येणारच होतं, तू मोठी म्हणून तू घेतलंस, म्हणून तो वाचला.

मला वाटलं, हे मनोहरचंच खूळ, आता बायकोच्या तोंडून. पोरगी तेव्हा ते मोठ्या अभिमानानं सांगत होती. कळा यायला लागल्या की ओठ आवळून धरायची, आणि बबलू खिडकीशी उभा असला तर त्याच्याकडे बघायची. सात वर्षांच्या पोरीला कुणी गणित घालतं का?

पोरं मोठी झाली. मीनूची शाळा आजारपणात मागे मागे पडत गेली. शेवटी ती घरी बसून प्रायव्हेट बारावी करत होती, तीही बबलूच्याच पुस्तकांवर. बबलू हुशार निघाला. त्याला दूर दक्षिणेत इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. मनोहरनं कारखानाभर पेढे वाटले, पण या खेपेला पेढे खाऊनही घरात शांतता नव्हती. बबलू जायला तयार नव्हता. ताईनं माझ्यासाठी एवढं सोसलं, तिला टाकून मी एवढ्या लांब जाणार नाही, इथेच कुठेतरी शिकेन, असं त्यानं धरून ठेवलं होतं. प्रवेश पक्का करायची मुदत संपत आली होती. बापानं आरडाओरडा करून पाहिला, आईनं एक शब्द काढला नाही.

त्याच दिवसांत मीनू पुन्हा भरती झाली. या वेळी छातीत होतं, ऑक्सिजन लावला होता, रक्त चढवायचं ठरलं होतं. रक्त चढवण्याआधी रुग्णाचा नमुना घेऊन बाटलीतल्या रक्ताशी जुळतो का ते पाहावं लागतं. तो नमुना घ्यायला मी दुपारी वॉर्डात गेले. खाटेजवळ सुनीता थर्मास घेऊन बसली होती. बबलू खिडकीत बसून नाश्त्याचे डबे पुसत होता. मी मीनूच्या दंडाला रबरी नळी बांधली आणि नस शोधायला लागले. एकदा टोचलं, लागली नाही.

मीनूनं ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला आणि म्हणाली, “मॅडम, याला सांगा ना.”

मी विचारलं, काय सांगू?

“चारात एकचं,” ती म्हणाली. “मी सांगितलं तर ऐकत नाही. म्हणतो, तू मला घालवायला खोटं बोलतेस. तुम्ही सांगितलं तर ऐकेल.”

मी सुई हातात धरून तशीच उभी राहिले. मला एकदम कळलं, की या पोरीला सगळं माहीत आहे. पुस्तकात ‘स्वतंत्र घटना’ वाचल्यापासून माहीत असणार. इतकी वर्षं ज्याच्या जोरावर ती ओठ आवळून पडून राहिली, त्याला काही अर्थ नव्हता हे तिनं एकटीनं, कुणाला न सांगता समजून घेतलं होतं. आणि आता ती मला ते मोठ्यानं बोलायला सांगत होती, भावाला मोकळं करायला. मी उभ्या नोकरीत हे वाक्य कितीतरी बापांना सांगितलं होतं. त्या दिवशी ते माझ्या तोंडातून निघेना.

मी सुनीताकडे पाहिलं. ती थर्मासचं झाकण घट्ट लावत होती, आधीच लावलेलं.

मग मी बबलूकडे वळले आणि सांगितलं. म्हटलं, बाळा, तुझ्या ताईच्या आजारानं तुझा आजार टळला नाही. ती निरोगी असती तरी तू असाच असतास. ती नसती जन्मली तरी तू असाच असतास. तिचं तिचं झालं, तुझं तुझं. तिनं तुझं काही घेतलं नाही आणि तू तिचं काही देणं लागत नाहीस.

बबलू डबा तसाच धरून बसला होता. तो म्हणाला, “ते पेपरात लिहिलंय मी, मॅडम. पूर्ण मार्क आहेत मला त्यात. पण ते पेपरासाठी आहे. आई लहानपणापासून सांगते...” आणि त्यानं आईकडे पाहिलं.

सुनीतानं थर्मास बाजूला ठेवला. मला वाटलं, आता ही माझ्यावर तुटून पडेल, आणि पडली असती तरी मी काही म्हटलं नसतं.

“मॅडम बरोबर सांगतात,” ती म्हणाली. “मला तेव्हाच समजलं होतं. तुझ्या बाबांना समजलं नाही.” मग थर्मासकडे बघत, कुणाकडेच न बघता म्हणाली, “ही विचारायची, आई, मलाच का दुखतं. रोज विचारायची. काय सांगणार होते मी तिला? कशासाठीच नाही म्हणून सांगू?”

बबलू उठला आणि आईजवळ जाऊन उभा राहिला. मीनूनं मास्क पुन्हा तोंडावर ओढून दोन श्वास घेतले आणि खाली केला.

“सुन लिया ना?” ती त्याला म्हणाली. “आता जा. आणि आईला कँटीनमध्ये घेऊन जा, सकाळपासून तिनं काही खाल्लं नाही.”

ते दोघं गेले. बबलू त्या आठवड्यात दक्षिणेच्या गाडीत बसला, मनोहर त्याला सोडायला स्टेशनवर गेला, हे सगळं मला पुढे समजलं. पण तेव्हा वॉर्डात आम्ही दोघीच होतो. बाजूच्या खाटेवरची म्हातारी झोपली होती. मी नळी सोडली, दंडावर वळ उठला होता तो चोळला. मला मीनूकडे बघवत नव्हतं. इतकं खरं बोलल्याबद्दल मला स्वतःचाच राग आला होता, आणि न बोलून चाललं नसतं हेही कळत होतं. मी म्हटलं, या हाताची नस आज मिळणार नाही बहुतेक.

“मॅडम,” ती म्हणाली.

मी म्हटलं, काय गं?

“थोडंसंही नाही?”

मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी हिंदीत, लहानपणी बोलायची तसं, “थोड़ा-सा भी नहीं? मेरी वजह से?”

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “थोडंसं असेल गं.”

“झूठ,” ती म्हणाली, आणि हसून दुसरा हात पुढे केला.